व्हर्मूथची चढती रेघ

नर्सने तक्त्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि ठिपका छापील रेघेच्या खाली पडला. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, काही सांडलं नाही, बाहेरच्या बाकावरचं कुणाचं तरी मूल रडायचं तेसुद्धा थांबलं नाही. माझ्या मांडीवर लेक झोपेतच ओठ हलवत होती, आणि तिच्या वजनाचा ठिपका, जो गेल्या खेपेपर्यंत शहाण्या मुलासारखा रेघेचं बोट धरून वर चढत होता, तो बोट सोडून खाली बसला होता. रेघा बघणं हे माझं पोट भरायचं साधन आहे. देशात बाहेरून काय काय येतं, मागच्या वर्षीपेक्षा कमी आलं की जास्त, हे सांगणाऱ्या सरकारी कचेरीत मी काम करते. तिथे एखादी रेघ खाली वळली तर मी फक्त विचारते, का. म्हणून सवयीने इथेही विचारलं, 'वजनकाटा बदललाय का?' डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'काटा तोच आहे.' 'मग मागच्या वेळी अंगात स्वेटर असेल. लोकरीचा होता.' 'स्वेटर इतका जड नसतो हो,' डॉक्टर म्हणाले, आणि हसले. 'पहिलं ना? पहिलटकरणी काट्याशी फार भांडतात.' मी मान हलवली. 'झोपलीये तर उठवू नका. गुरुवारी परत आणा, सकाळीच, अंगात काही ठेवू नका. वाढलं नसेल तर दाखल करून घेऊ, सगळ्या तपासण्या करू. घाबरू नका.' घाबरू नका हे शब्द ऐकेपर्यंत मी घाबरले नव्हते, असं मला बाहेर आल्यावर वाटलं. पण ते काही खरं नव्हतं.

घरी तिला आम्ही ठिपकीच म्हणतो. पहिल्यांदा सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसली तेव्हा माझा नवरा पडद्याला नाक लावून म्हणाला होता, 'हा ठिपका म्हणजे आपलं?' तिथून ते नाव चिकटलं. खरं नाव कागदावर आहे, ते तिला अजून मोठं होतं, खांद्यावरून घसरणाऱ्या कपड्यासारखं. ठिपकीला सासूबाईंच्या हातात देऊन मी कचेरीत पोचले तेव्हा साहेब माझ्या टेबलाशीच उभे होते. साहेब निवृत्तीला आले आहेत आणि त्यांना आता कशाचंच आश्चर्य वाटत नाही. ज्या गोष्टीचं वाटतं ती ते विनोद करून माझ्याकडे ढकलतात. 'या बाई. हे बघा, आपल्या देशाला एकदम तहान लागलीय.' त्यांच्या हातात वार्षिक अहवालातलं पेयांचं पान होतं. बिअर आडवी, व्हिस्की किंचित उतरती, साध्या वाईनची जरा दमल्यासारखी. आणि सगळ्यांत खाली, जिथे कुणी कधी बघत नाही तिथे, व्हर्मूथची रेघ. वर्षानुवर्षं जमिनीला पाठ टेकून पडलेली ती रेघ गेल्या वर्षी उठून चालायला लागली होती. 'हे प्यायचं कसं असतं हो?' साहेबांनी विचारलं. मी सांगितलं की ती द्राक्षांची वाईनच असते, पण तिच्यात कडू पाला, साली, मुळं मुरवलेली असतात. 'म्हणजे काढाच की! लोक पैसे देऊन काढा पितायत?' ते खूश झाले. 'मला बुधवारपर्यंत दोन परिच्छेद द्या. वाढ खरी आहे की आपलीच काही गडबड आहे, तेवढं सांगा. वरून विचारतील.'

माझ्याकडे उत्तर तयार होतं. या कामात पहिल्या वर्षीच जे शिकवतात ते हे, की रेघ उडी मारते तेव्हा बहुतेक वेळा जग बदललेलं नसतं, मोजणं बदललेलं असतं. आधी एका मापाने मोजत होतो, आता दुसऱ्या. आधी एका कप्प्यात टाकत होतो, आता वेगळ्या. आम्ही त्याला मालिका तुटली म्हणतो. आणि व्हर्मूथचा कप्पा तर नक्कीच बदलला होता. पूर्वी मसाले घातलेल्या, फळं घातलेल्या सगळ्या वाईन एकाच कप्प्यात जायच्या आणि त्यातला व्हर्मूथचा वाटा आम्ही अंदाजाने काढायचो, मग परिपत्रक आलं आणि व्हर्मूथला स्वतःचा कप्पा मिळाला. ती दुपार माझ्या अंगाला अजून आठवते. ते परिपत्रक मी मागच्या सामानाच्या खोलीत वाचलं होतं, जुन्या अहवालांच्या थप्प्यांमध्ये, जमिनीवर बसून, कपाळ लोखंडी कपाटाला लावून, कारण तेवढी एकच वस्तू थंड होती. पोटातून लाटा येत होत्या. शेजारी झेरॉक्सचं यंत्र गरम होऊन शाईचा वास सोडत होतं. 'कडू वनस्पतींनी सुगंधित केलेली' हे शब्द वाचताना माझ्या जिभेच्या मुळाशी खरंच कडू पाणी सुटलं होतं, आणि त्या अवस्थेतही मी स्वतःशी हसले होते, की पोटात ठिपका आणि हातात दारूचं परिपत्रक, काय आईचे संस्कार! म्हणजे गेल्या वर्षीच. मळमळ गेल्या वर्षीची, म्हणून परिपत्रक गेल्या वर्षीचं. मी तळटीप लिहून टाकली: ही वाढ वर्गीकरणातील बदलामुळे दिसते, प्रत्यक्ष आयात वाढली असे समजू नये. लिहिताना मला फार बरं वाटलं. जितकं एका तळटीपेने वाटू नये तितकं. जणू ती मी डॉक्टरांच्या तक्त्याखाली लिहिली होती.

दुपारी त्याच खोलीत आता मी दूध काढायला बसते. दाराला कडी आहे पण ती नीट बसत नाही, म्हणून खुर्ची दाराला टेकवून पाठ त्या खुर्चीला लावते. यंत्राची घरघर सुरू होते. त्या दिवशीही ते ओढायला लागलं तशी आत ठिणग्या पडल्यासारखी आग झाली, आठवडाभर होत होती तशीच, आणि मी दात आवळून यंत्राला शिव्या दिल्या. बाटलीत थेंब साठायला फार वेळ लावत होते. बाहेरून कुणीतरी जाताना 'आत कोण आहे?' म्हणालं, दुसरं कुणीतरी 'अगं, थांब, बाळंतीण आहे' म्हणालं, आणि मला एकदम वाटलं की या खोलीत बसून मी एक निर्यातदार झाले आहे: माझंच काहीतरी माझ्यापासून तोडून, बाटलीत भरून, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवते आहे, आणि पोचेपर्यंत ते मोजायला कुणी नाही. पोचतं का? पोटात जातं का? सासूबाई म्हणतात अर्धी बाटली उरते. अर्धी म्हणजे किती? त्या डोळ्यांनी मोजतात.

संध्याकाळी दारातच त्यांनी मला गाठलं. 'आज तर तोंडच लावलं नाही बाटलीला. काय म्हणाले डॉक्टर?' मी सांगितलं. गुरुवार सांगितला, दाखल करायचं सांगितलं. त्या काही वेळ पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मी बोलले की तुला लागतं. पण दूध पुरत नाही तिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुपारी काय खातेस?' 'डबा खाते की.' 'डबा खातेस की डबा तुला खातो? निम्मा तसाच परत येतो.' नवरा मध्ये पडला, 'आई, तिला आधी बसू दे.' 'बसू दे ना, मी कुठे उभं केलंय?' मी बसले आणि ठिपकीला जवळ घेतलं. ती अधाशासारखी झेपावली. एक ओढ, दोन ओढी, आणि मग तिने झटकन तोंड काढून घेतलं, पाठीची कमान केली, आणि अशी रडली की ती माझ्यावर रागावली आहे यात मला शंकाच उरली नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चेहरा असा आक्रसलेला, जसा कडू औषधाने होतो. 'काही लावलंस की काय कडू?' सासूबाई गमतीने म्हणाल्या. मी वर बघितलं. 'अगं, आमच्यात मूल अंगावरून तोडायला असंच करायचे. कडू पाला वाटून लावायचा, की मूल आपोआप नको म्हणतं. ह्याला मी तसंच तोडलं. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतं ह्याने.' 'अजून कुठे बघतोय,' नवरा म्हणाला. दोघं हसले. मीही हसले असेन. पण न्हाणीघरात जाऊन मी बोटावर स्वतःचं दूध घेऊन चाखलं. पाणचट, गोडसर, कोमट. पुन्हा चाखलं. तिसऱ्यांदा मला त्यात कडवटपणा लागला, आणि मग तो जिभेवरून जाईना. दिवसभर मी कडू गोष्टींबद्दल वाचत बसते, त्यांच्या मुळांबद्दल, सालींबद्दल. आईच्या डोक्यात जे असतं ते उतरत असेल का दुधात? असं काही नसतं हे मला माहीत आहे. मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत. आरशात बघत मी स्वतःला आमच्या कचेरीच्या भाषेत समजावलं, एका ठिपक्यावरून कल ठरत नाही. काटा, स्वेटर, सकाळ की दुपार, पोट भरलेलं की रिकामं. मालिका तुटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला तो केवळ नावापुरता. तळटीपेत परिपत्रकाची तारीख घालायची पद्धत आहे आणि आमची फाईल कुठल्या तरी कपाटाच्या पोटात गेली होती. बंदरावरच्या कचेरीत माझी मैत्रीण आहे. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो, तिला बोटींचा वास मिळाला आणि मला कागदांचा. सगळे तिला बंदरवाली म्हणतात आणि तिला ते आवडतं. तिच्या फोनमध्ये कायम मागे काहीतरी जड वस्तू उचलली जात असते. 'बोल गं आई,' ती म्हणाली, 'पोर काय म्हणतंय?' 'बरी आहे,' मी म्हटलं. 'व्हर्मूथचा कप्पा वेगळा केल्याचं परिपत्रक, त्याची तारीख हवी. गेल्या वर्षीचं.' 'गेल्या वर्षीचं नाही ते. आदल्या वर्षीचं.' 'नाही गं.' 'नाही काय? माझ्या समोर लावलंय भिंतीवर. आदल्या वर्षी कप्पा झाला, पुरतं वर्ष त्यात धूळ खात होती, आणि मग गेल्या वर्षी जी लाईन लागली ना! एकेकाळी सहा महिन्यांत एखादं खोकं यायचं, ते पण कुठल्या तरी हॉटेलचं. आता रोज नवा माणूस येतो मागवणारा. परवा तर एक आजोबा आले होते स्वतःचा माल सोडवायला. लोक पितायत बाई, खरंच पितायत.' 'नाही,' मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच हट्टी मुलीसारखा ऐकू आला, 'मला पक्कं आठवतंय. मी ते वाचत होते तेव्हा मला मळमळत होतं. मी त्या मागच्या खोलीत—' मागे साखळी करकरली, कुणीतरी 'सोड, सोड, हळू' असं ओरडलं. मग ती अगदी हळू, बंदरवालीला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, 'तेव्हाही मळमळत होतंच ना तुला. आधीच्या वेळी.'

आधीच्या वेळी. फोन ठेवला की तसाच हातात होता, आठवत नाही. माझ्यासमोर रेघांचं पान होतं आणि मी त्याच्यातून पलीकडे बघत होते, काचेतून बघावं तसं. आधीही एक होतं. ते फार दिवस राहिलं नाही. 'हा ठिपका म्हणजे आपलं?' हे नवरा त्याच वेळी म्हणाला होता, ठिपकीच्या वेळी नाही. ठिपकीच्या वेळी तो पडद्याकडे बघायलाच तयार नव्हता, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभा होता, आणि मीच त्याचा हात दाबून म्हटलं होतं, बघ, आहे. हे मी कसं विसरले? विसरले नव्हते, सांधलं होतं. तुटक आकडे जोडून सलग करणं हे तर माझं कसब. एक अर्धवट राहिलेलं आणि एक पूर्ण झालेलं मी इतक्या सफाईने एकमेकांना जोडलं होतं, की एकच मळमळ, एकच पडदा, एकच नाव झालं होतं आणि सांधा मलाही दिसत नव्हता. कुणी बोललंही नाही ना नंतर. होतं असं, म्हणाले. बोलू नये, म्हणाले. सासूबाईंनी त्या आठवड्यात माझे पाय चेपले होते, न बोलता, रोज. आणि मग त्या काचेतून मला तेही दिसलं जे मी सगळ्यांत आत ठेवलं होतं. त्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या पोटावर ते गार उपकरण फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या, ठोका दिसत नाही म्हणाल्या, आणि मी विचारलं होतं, 'यंत्र जुनं आहे का?' त्यांनी मला शेजारच्या खोलीत, दुसऱ्या यंत्राकडे नेलं. ते नवीन होतं. त्यातही दिसला नाही. म्हणजे माझा नियम एकदा खोटा ठरला होता. मोजणं बदललं नव्हतं, जग बदललं होतं, आणि तरी मी तोच नियम उराशी धरून आठवडाभर पोरीचं रडणं ऐकत बसले होते. आणि गुरुवारपर्यंत तशीच बसणार होते.

मी उठले. साहेब चहा पीत होते. 'घरी जाते,' मी म्हटलं. 'अहो, ते दोन परिच्छेद—' 'टेबलावर आहेत, पण पाठवू नका. मी सांगते.' 'काय सांगता?' ते विचारत होते, पण तोवर मी जिन्यात होते. बसमध्ये बसून मला वाटत राहिलं की बस मुद्दाम सावकाश चालते आहे, की चढणारा प्रत्येक माणूस सुट्ट्या पैशांसाठी तासभर खिसे चाचपतो आहे. माझ्या तोंडात ती चव होती. घरात शिरले तेव्हा सासूबाई ठिपकीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होत्या. 'अगं, आज कुठे? गुरुवार आहे ना अजून?' 'गुरुवारपर्यंत काय बघायचं?' मी तिला ओढूनच घेतलं त्यांच्याकडून. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं. 'थांब. मी येते. एकटी निघालीस म्हणजे बसस्टॉपवर उभी राहून विचारच करत बसशील.'

काटा तोच होता. अंगात काही नव्हतं. ठिपका कालच्या ठिपक्याला चिकटूनच पडला, वर नाही. पण या वेळी ठिपकी जागी होती, थंड पत्र्यावर उघडी पडली होती, आणि पूर्ण ताकदीने, सगळं तोंड उघडून रडत होती. डॉक्टर काहीतरी लिहिता लिहिता थांबले. त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि वाकले. 'हे कधीपासून आहे?' मीही वाकले. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, पांढऱ्या खपल्या, सायीचे तुकडे चिकटावेत तशा. 'दूधच आहे ते,' सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी कापसाने पुसलं. निघालं नाही, ठिपकी मात्र किंचाळली. 'दूध असतं तर निघालं असतं. बुरशी आहे. तोंड आलंय हिचं. भूक आहे हिला, पण ओढायला गेली की झोंबतं, मग सोडते, मग रडते. तुम्हालाही आग होत असेल पाजताना?' 'होते,' मी म्हटलं. 'मला वाटलं यंत्रामुळे.' 'यंत्रामुळे नाही. ही तुम्हाला देते, तुम्ही हिला. औषध दोघींना घ्यायचं. काल झोपली होती म्हणून मी तोंड बघितलं नाही, बघायला हवं होतं.' ते लिहायला लागले. 'दाखल?' मी विचारलं. 'गुरुवारी बघू. आज काही कळणार नाही. दूध भरपूर असेल तुम्हाला, त्याची काळजी नको. पहिलटकरणींना हे लवकर लक्षात येत नाही.'

'पहिलटकरीण नाही मी,' मी म्हटलं. 'आधी एक होतं.'

डॉक्टरांचं पेन थांबलं नाही, त्यांनी फक्त 'बरं' म्हटलं आणि कुठेतरी तसं लिहिलं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ठिपकीचं झबलं उचललं, उलटं होतं ते सुलटं केलं, आणि नाकाने मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, 'जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसं चाललं होतं माझं. आडाला नावं ठेवत बसले.' मग, माझ्याकडे न बघता, 'आणि होतं ते होतंच की. बोलत नाही म्हणून नव्हतं का?'

घरी येऊन आम्ही थेंब घातले, कापसाने तोंड पुसलं, माझ्या अंगालाही मलम लावलं, थांबलो, धुतलं. गुरुवार अजून यायचाच होता. डॉक्टरांनीच म्हटलं होतं, आज काही कळणार नाही. मी खिडकीशी बसले, कारण तिथे उजेड चांगला आहे. ठिपकीने तोंड लावलं, सोडलं, माझ्याकडे संशयाने बघितलं. पुन्हा लावलं. सोडलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातातलं काम तसंच धरून. तिसऱ्यांदा तिने लावलं आणि कण्हत कण्हत, मध्येच थांबत, ओढायला लागली. घशातून आवाज यायला लागला, लहानसा, खोल, गट्, मग काही नाही, मग गट्. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनीच तो माझ्या कानाशी धरला. 'बाई,' साहेब म्हणाले, 'पोर कशी आहे? बरं, ते राहू द्या, एकच सांगा. पान छापायला जातंय. ती तळटीप ठेवायची ना? वाढ काही खरी नाही, असंच ना?'

मी खाली बघितलं. कानशिलाशी तिची शीर हलत होती.

'तळटीप काढून टाका,' मी म्हटलं. 'वाढ खरी आहे. लोक पितायत.'

'नक्की?'

ठिपकीने तोंड सोडलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, की ते दूध नव्हतं, मला कळेना. मी बोटाने तिचा खालचा ओठ हळूच खाली केला, तिला उजेडाकडे वळवलं, आणि आत बघितलं.